खाल तेवढं जिरेल!

"व्याह्यांच्या भेटीच्या ताटांत तुम्ही काय घातलंत म्हणालात?"

मोक्षदाने झारा कढईवर तसाच धरला. झाऱ्यातली वांग्याची कापं तेल गाळत राहिली.

"अर्क!" वैद्य अघोरनाथ कविराज मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "संदेश मिठाईचं एक ताट काढलं आणि त्या जागी अगस्त्यविजय अर्काच्या दोन डझन बाटल्या मांडल्या. वर लाल रेशमी फीत. काय दिसत होतं ताट!"

"संदेश काढून?"

"अगं, संदेश खाल्ला की संपला. बाटली वर्षभर कपाटात उभी राहते आणि आपलं नाव सांगते."

"लोक व्याह्यांना मासा पाठवतात, मिठाई पाठवतात, साडी पाठवतात. औषध पाठवणारे जगात तुम्हीच. 'बाबांनो, आजारी पडा' असा आशीर्वादच झाला की तो!"

कोपऱ्यात पीठ मळत बसलेली खांतो पिशी, म्हणजे कविराजांची विधवा बहीण, फसकन हसली आणि मग पदर तोंडावर घेऊन खोकल्यासारखं करू लागली.

आज त्यांच्या मुलीची, पारुलची, पक्की देखणी होती. मुलगी पसंत पडून महिना झाला होता. आज राणाघाटहून मुलाकडची वडीलधारी मंडळी येणार, पारुलच्या डोक्यावर धान्य-दूर्वा ठेवून तिच्या हातावर सोनं ठेवणार, आणि मग दोन्हीकडून माघार नाही. तोवर मात्र काहीही होऊ शकतं, हे कलकत्त्यातल्या सगळ्या कुमारटुलीला ठाऊक होतं. गेल्याच वर्षी पलीकडच्या गल्लीत मानाचं माशाचं डोकं चुकीच्या पाहुण्याच्या पानावर पडलं आणि लग्न मोडलं होतं. मोक्षदाने आदल्या दिवसापासून चूल विझू दिली नव्हती. निरोप नऊ माणसांचा होता. तिने अठरा जणांचं रांधलं होतं. पाहुण्याने 'पुरे' म्हणावं आणि भांड्यात तरी उरावं, ही तिच्या सासूची शिकवण.

अर्कात काय असतं ते मोक्षदाला ठाऊक होतं, कारण तो तिच्याच चुलीवर उकळत असे. ओवा, पिंपळी, सैंधव, गूळ आणि बरंचसं गंगेचं पाणी. बाकीचं काम जाहिरात करी. बाटलीवर एका आचमनात समुद्र पिणाऱ्या अगस्ती ऋषींचं चित्र होतं. टपावर माणसाएवढी पत्र्याची बाटली बसवलेल्या दोन घोडागाड्या होत्या. एरवी त्या भाड्याने फिरत आणि रविवारी शोभाबाजारातून अर्काची मिरवणूक काढत. गल्लीतल्या भिंतींवर ढेकर देणारा एक गुटगुटीत बुवा रंगवलेला होता. दारातला पोपट पूर्वी 'राधे कृष्ण' म्हणत असे. कविराजांनी तीन महिने खपून त्याच्या तोंडून देव काढला आणि 'पळीभर घ्या! पळीभर घ्या!' घातलं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गदाधर ढोलवाला. तो रोज दिवस उगवायच्या आत गल्लीच्या तोंडाशी उभा राहून गाई:

आदल्या दिवशी लंघन करा,
पहाटे कोसभर चाला,
पळीभर घ्या अगस्त्यविजय,
मग बसा जेवायला!

आणि मग ढोलावर तीन थापा: खाल! तेवढं! जिरेल!

खरी मेख पहिल्या दोन ओळींत होती. आदल्या दिवशी उपाशी राहिलेला आणि सकाळी कोसभर चाललेला माणूस दगडही पचवेल, तिथे अर्काचं काय घेऊन बसलात! आणि कोणी तक्रार घेऊन आलाच, तर कविराज डोळे मिटून एवढंच विचारत, "लंघन केलं होतं?" गिऱ्हाईक मान खाली घाली. असं लंघन बंगाल्याला जमतं थोडंच! त्यामुळे गेल्या अकरा वर्षांत अर्क कधी खोटा ठरला नव्हता.

मोक्षदाच्या हातातला झारा हळूहळू खाली आला.

"अहो, अर्क पाठवलात तो पाठवलात. कसा घ्यायचा ते नाही ना सांगितलंत?"

"नाही सांगितलं? वा! गदाधरला ढोलासकट ताटांबरोबर राणाघाटला धाडला. व्याह्यांच्या अंगणात तीनदा गायला तो. पोरंसोरं नाचली म्हणे!"

मोक्षदा पाटावर बसलीच.

"म्हणजे ती माणसं कालपासून उपाशी आहेत."

"छे गं! पथ्य कोणी पाळतं का?"

"गिऱ्हाईक नाही पाळत. पण हा मुलीच्या घरचा मान आहे. ताटात आलेली साडी ते नेसणार, मासा खाणार, आणि अर्क जसा सांगितलात तसाच घेणार. नाहीतर तुमचा अपमान होईल ना! चांगली माणसं आहेत हो ती!" 'चांगली माणसं' हे शब्द ती असे काही म्हणाली, की जणू दरवडेखोर येत होते.

कविराजांनी तोंड उघडलं, पण त्याच वेळी दारातला पोपट ओरडला, "पळीभर घ्या!" पाहुणे आले होते.

ते चालत आले होते. शियालदह स्टेशनाबाहेर गाड्यांची रांग उभी असताना, धुळीने माखलेले धोतराचे सोगे हातात धरून, पहाटेच्या गाडीने उतरलेले ते चौदा जण शिस्तीत चालत आले होते. नऊ नव्हे, चौदा. पुढे मुलाचे आजोबा पंचानन दासगुप्त, पांढऱ्या मिशा, काठी, चेहरा उपासाने ओढलेला. त्यांच्यामागे काके, चुलतभाऊ, कुलपुरोहित, आणि ज्याच्याकडे पाहून खांतो पिशीने देवाचं नाव घेतलं असा एक पैलवान पुतण्या. शेवटी मुलाचा मामा भवतोष. तो साहेबाच्या मेडिकल स्कूलमधून बाहेर पडला होता, आणि ही गोष्ट तो कोणाला विसरू देत नसे.

"पाच माणसं जास्त आली, राग मानू नका," पंचाननबाबू हात जोडून म्हणाले. "तुमच्या अर्काची कीर्तीच अशी, की कोणी घरी राहीना."

"स्पष्टच सांगतो, कविराजमोशाय," भवतोष म्हणाला. "मी यांना म्हटलं, हे बाटलीतलं पाणी आहे. आज बारा वर्षांच्या पोरापासून लाटसाहेबाच्या खानसाम्यापर्यंत सगळे तुमचं गाणं गातात. तेव्हा आज परीक्षा. काल दुपारपासून चौदा जणांच्या पोटात अन्नाचा कण नाही. अर्क खरा निघाला, तर माणूस खरा. खोटा निघाला, तर जो बाटलीवर खोटं लिहितो त्याच्या मुलीबद्दलच्या शब्दावर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

"भवतोष!" म्हातारा दटावत म्हणाला. पण 'नाही' म्हणाला नाही.

पंचांगाप्रमाणे दुपारी दोनपर्यंत वेळ अशुभ होती. आशीर्वाद त्यानंतर. म्हणजे आधी जेवण. दाराआड उभ्या असलेल्या पारुलने आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं, लहानपणी जत्रेत धरायची तसं.

चौदा पानं मांडली गेली. चौघांनी खिशातून आपापल्या बाटल्या काढल्या, पळ्या भरल्या, डोळे मिटून गिळल्या आणि पुढे सरकवल्या. मग हात पानाकडे वळले.

मोक्षदाने आयुष्यात खूप जेवणावळी पाहिल्या होत्या, पण हे वेगळंच होतं. मैद्याची फुगलेली लुची कढईतून वर येईतो तिचं नाव पुकारलं जात होतं. दोघे भाचे वाढायला होते, ते परातीसह धावत येत आणि रिकाम्या परातीसह धावत जात. वांग्याची कापं कोणी पाहिलीच नाहीत. हरभऱ्याची डाळ आली आणि गेली. रोहू माशाच्या कालवणाचा टोप गेला तेव्हा पैलवान पुतण्याने मान वर करून विचारलं, "आता मासे का?" मग आत्ता पोटात गेलं ते काय होतं?

आणि मधे उभे कविराज, हात जोडून, यजमानाच्या जुन्या सवयीने म्हणत होते, "आणखी दोन घ्या! काहीच खाल्लं नाहीत! माझ्या गळ्याची शपथ!" तोंड असं म्हणत होतं आणि डोळे गायीसारखे 'आता थांबा' म्हणून विनवत होते.

मटण अर्ध्यावर आलं तेव्हा मोक्षदा कमरेला पदर खोचून गच्चीवर चढली. कुमारटुलीतल्या गच्च्या एकमेकींना टेकलेल्या. पलीकडच्या गच्चीत मूर्तिकार पालांची बायको निस्तारिणी वड्या वाळत घालत होती.

"निस्तारिणी! काय शिजलंय ते दे!"

"का गं? आग लागली?"

"चौदा आगी लागल्यात. ओळीने बसल्यात."

निस्तारिणीने खाली एक कान दिला, खालून येणारा 'लुची! लुची!'चा पुकारा ऐकला आणि तिला परिस्थिती कळली. तिने कमरेवर हात ठेवले.

"देते. झिंगे आहेत नारळाच्या दुधातले, रसगुल्ल्यांचं मडकं आहे दिराने आणलेलं. पण तुझ्या नवऱ्याचा तो ढोल उजाडायच्या आत वाजता कामा नये. माझ्या घरात देवी घडते, आणि देवीला रोज पहाटे 'जिरेल जिरेल' ऐकावं लागतं!"

"नाही वाजणार."

"आणि माझ्या भिंतीवरचा तो ढेकर देणारा बुवा पुसायचा."

"उद्या चुना मारते. हातानं मारते. मडकं दे!"

मडकं खाली उतरलं. मग तिसऱ्या गच्चीवरून चटणी आली, चौथीवरून दही आलं, आणि प्रत्येक भांड्याबरोबर एकेक अट आली. दहीवालीची अट होती की पोपटाला पुन्हा देवाचं नाव शिकवावं. अकरा वर्षं अर्काने गल्लीचा जो छळ केला होता, तो सगळा त्या दुपारी वसूल झाला.

मोक्षदा घामाने निथळत खाली आली आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

चौदाही जण अजून जेवत होते. पण आता त्यांच्या जेवण्यात काहीतरी बदल झाला होता. लुची पुकारणारे आवाज बंद झाले होते. पैलवान पुतण्या एका झिंग्याकडे जुन्या वैऱ्याकडे पाहावं तसा पाहत होता. पुरोहिताने डोळे मिटून घेतले होते, बहुधा मंत्र म्हणत होता. भवतोषमामाचं कपाळ घामाने चमकत होतं आणि त्याने धोतराची गाठ दोन बोटं सैल केली होती. आणि पंचाननबाबूंनी दोन्ही हात पानावर आडवे धरले होते.

"पुरे, कविराजमोशाय, पुरे."

"असं कसं! माझ्या मुलीच्या सुखासाठी एक!" आणि कविराजांनी त्यांच्या बोटांच्या फटीतून एक रसगुल्ला पानावर सोडला.

"पुरे हो, पुरे!"

"लाजता काय? घर तुमचंच!" आणखी एक.

मधेच जरा शांतता झाली की दारातला पोपट ओरडे, "पळीभर घ्या!" आणि मानी माणसं, परीक्षेला बसलेली माणसं, बाटलीकडे हात नेत. मोक्षदाने पाहिलं, म्हाताऱ्याने कविराजांची पाठ वळताच रसगुल्ला उचलला, उपरण्याच्या टोकात गुंडाळला आणि मांडीखाली सरकवला. तिथे आधीच तीन होते.

तेवढ्यात कविराज स्वयंपाकघरात आले. चेहरा पांढरा.

"काय उरलंय?"

"तुम्ही, मी आणि हा पाट. मडक्यात नुसता पाक."

"मग मेलोच आपण!" ते भिंतीला टेकले. "वाढायचं थांबवलं, तर कविराजाच्या घरी अन्न संपलं म्हणून गावभर होईल. आणि ते आपणहून थांबले, तर अर्क खोटा ठरला. मोक्षदा, काहीतरी कर गं!"

"अहो, ते भुकेले नाहीत. मघाच भरलेत. नाकापर्यंत."

"मग खातायत कशाला?"

"तुम्ही वाढताय म्हणून! थांबले तर तुमचा अर्क पडेल, तुमचा मान जाईल, लग्न मोडेल. त्यांना लग्न हवंय. म्हणून खातायत बिचारे. आणि ते खातायत म्हणून तुम्ही वाढताय."

"मग यातून उठायचं कोणी आधी?"

मोक्षदाने फडताळावरून विड्यांचं चांदीचं तबक काढलं.

"पान?" कविराज हबकले. "पाहुणा हात धुवायच्या आधी पान? हे म्हणजे 'उठा आता' म्हटल्यासारखं झालं! अगं, मानी माणसं आहेत. भवतोष तर वाटच पाहतोय!"

"बाजूला व्हा."

"तू नेणार? पुरुषांच्या पंगतीत?"

मोक्षदाने पदर हनुवटीपर्यंत ओढला. सासूने पंचवीस वर्षांपूर्वी या घरात आणलं तेव्हापासून ती कधी पुरुषांच्या पंगतीत गेली नव्हती. मागून पारुलने पुन्हा पदराचं टोक मुठीत धरलं होतं, तेही सोडवून घ्यावं लागलं.

ती पंगतीत आली तसा सगळा आवाज थांबला. भवतोषच्या भुवया वर चढल्या. तिने तबक म्हाताऱ्यापुढे ठेवलं आणि पदराआडून, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

"दासगुप्तमोशाय, आमच्या घरात पाहुणा 'पुरे' म्हणाला, की पुरेच असतं."

कविराजांनी दारातच डोळे मिटून घेतले.

आणि मग पंचाननबाबूंनी दोन्ही हातांनी दोन विडे उचलले.

"माय," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले होते, "मघापासून ओरडतोय. कोणी ऐकेल तर शपथ! जग तुला अन्नपूर्णा म्हणेल की नाही ते मला ठाऊक नाही. पण वाढायचं कधी थांबवावं हे ज्या घरात कळतं, त्या घरची मुलगी आमच्या घरी यायलाच हवी."

तबकावर चौदा हात पडले. विडे असे संपले, जशी मघाशी पहिली लुची संपली होती.

"पण अर्क?" भवतोष म्हणाला. "निकाल काय? अर्क खरा की खोटा?"

"भवतोष, तू आधी उठून उभा राहा बघू," म्हातारा म्हणाला.

भवतोषने एक हात जमिनीवर टेकवला. मग दुसरा टेकवला. मग तसाच राहिला. पंगतीत हसण्याची लाट उठली, पण पोट दुखत असल्याने सगळ्यांनी ती अर्ध्यावरच सोडली.

"अर्क खरा आहे," पंचाननबाबूंनी जाहीर केलं. "एवढं आत गेलं आणि जीव अजून बाहेर आलेला नाही. याहून मोठा पुरावा कोणता?"

कविराजांची मान ताठ झाली. दोन वाजले, शुभवेळ लागली. पारुलला आणून बसवलं. म्हाताऱ्याने बसल्या जागेवरूनच, कारण उठणं शक्य नव्हतं, तिच्या डोक्यावर धान्य-दूर्वा ठेवली आणि हातात सोन्याची मोहर ठेवली. शंख फुंकला. गच्चीवरून निस्तारिणीनेही फुंकला, तिचे रसगुल्ले होते ना.

"आमची एकच अट," पंचाननबाबू कविराजांना म्हणाले. "सोनं-नाणं काही नको. फक्त यापुढे भेटीच्या ताटात औषध घालू नका. या वेळी अर्क घेतला म्हणून आलो. पुढच्या वेळी घेतला, तर येऊ शकणार नाही."

मग कविराज जरा बाहेर गेलेले पाहून त्यांनी खांतो पिशीला खुणेने बोलावलं. भोवती अगस्ती ऋषींच्या चार बाटल्या उभ्या होत्या. त्यांच्याकडे पाठ करून ते कुजबुजले, "पिशी, घरात पोटासाठी काही आहे का हो? काही म्हणजे... खरंखुरं?"

मोक्षदाने गरम पाणी आणि मूठभर भाजलेला ओवा आत पाठवला. भवतोषने त्यातला अर्धा न विचारताच घेतला.

आता प्रश्न राहिला स्टेशनापर्यंत जाण्याचा. चालायचं नाव कोणी काढेना. आणि त्या तिन्हीसांजेच्या घाईत गल्लीत गाड्या म्हणजे दोनच होत्या. चौदा पाहुणे त्या पत्र्याच्या बाटलीच्या गाड्यांत कसेबसे भरले गेले, एकमेकांच्या अंगावर रेलून, पोटं धरून, डोळे अर्धे मिटून. आणि सवयीने, कोणी न सांगता, गदाधर पुढच्या गाडीच्या पायरीवर चढला आणि ढोल बडवू लागला. सगळ्या शोभाबाजाराने पाहिलं. वर भलीमोठी बाटली, खाली कण्हणारी चौदा माणसं, आणि पुढे 'खाल! तेवढं! जिरेल!'

"बुडालो!" दारात उभे कविराज म्हणाले. "उद्या एक बाटली खपायची नाही."

"आत चला," मोक्षदा म्हणाली. "भूक लागली असेल."

घरात शिजलेलं काहीच नव्हतं. दोघांनी पितळी ताटात मुरमुरे घेतले, त्यावर मोहरीचं तेल, हिरवी मिरची, आणि पायरीवर बसून खाल्ले. पारुल येऊन मध्ये बसली आणि तिने सगळ्या मिरच्या खाल्ल्या. कविराजांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, मग मोक्षदाकडे.

"लंघन झालंय तुमचं," ती म्हणाली. "घेताय पळीभर?"

"नको," कविराज घाईने म्हणाले. "मुरमुरेच संपतील."

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर, म्हणजे निस्तारिणीच्या अटीप्रमाणे, गदाधरने ढोल घेतला. आणि आश्चर्य म्हणजे गल्लीच्या तोंडाशी माणसांची गर्दी होती! एवढं खाऊ घालणारं औषध आहे तरी काय, म्हणून लोक हाटखोला वस्तीतूनही आले होते. कविराज नवं उपरणं घेऊन दारात आले. गदाधरने सूर लावला, लंघन झालं, चालणं झालं, पळी झाली, आणि ढोलावर थापा पडल्या, "खाल! तेवढं! जिरेल!"

"पुरे!" दारातून आवाज आला. "पुरे हो, पुरे!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. पिंजऱ्यातला पोपट मान वाकडी करून, अगदी पंचाननबाबूंच्या काकुळतीच्या स्वरात, ओरडत होता. काल दुपारी म्हाताऱ्याच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकलेला तो शब्द मोक्षदाशिवाय घरात कोणी खरा मानला नव्हता. पोपटाने तेवढा मानला होता.

"खाल! तेवढं!"

"पुरे! पुरे!"

गर्दी हसून हसून लोळायला आली. "चूप, मेल्या! पळीभर म्हण, पळीभर!" म्हणत कविराज पिंजऱ्याभोवती उपरणं झटकू लागले, तसा तो आणखीच कळवळून 'पुरे हो' म्हणू लागला.

त्या दिवशी बाटल्या खपल्या की नाही, ते कविराजांनी कोणाला सांगितलं नाही. ते दुपारी झोपले तेव्हा मोक्षदा हळूच दाराशी आली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि पिंजऱ्याच्या गजांतून एक लालबुंद पिकलेली मिरची आत सरकवली.

"विसरू नकोस हं," ती म्हणाली.